कापलेला ग्रहप्रमुख

बोरटेकच्या पंजाबरावांना जगातल्या बहुतेक गोष्टी तुच्छ वाटत. त्यात कुणाबद्दल आकस नव्हता. एखाद्याला जन्माचा दमा असतो तशी त्यांना ती तुच्छता होती. थंडीत वाढायची, पाहुणे आले की उसळायची. ग्रामपंचायत तुच्छ, मेहकरच्या हॉटेलातली कचोरी तुच्छ, शेजाऱ्याच्या वावरातली तूर तुच्छ. स्वतःची तूर त्याहून वाईट आली तरी ती तुच्छ नसे, तिच्यावर अन्याय झालेला असे. तरुणपणापासून गणपतीच्या नाटकात त्यांनी राजांचीच कामं केली होती. राजाला सिंहासनावरून जग जसं दिसतं तसं ते पुढे घरच्या ओट्यावरूनही दिसत राहिलं, इतकाच काय तो प्रकार.

आणि अशा माणसाला एका सिनेमातून कापून टाकलं होतं.

सिनेमाचं नाव 'आकाशगंगेचा वतनदार'. तो पुण्याच्या ऋत्विज सरांनी काढला. त्यात पृथ्वीवरचा एक तरुण साथीदारांसह पत्र्याच्या यानात बसून दूरच्या ग्रहावर जातो, तिथे त्याला कळतं की हा अख्खा ग्रह आपल्या खापरपणजोबांचा आहे, आणि मग शेवटपर्यंत तो ग्रह स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी तो तलवारीनं लढत राहतो. तलवारीला दिवे लावले होते. ते विज्ञान. बाकीचं सगळं तालुक्याच्या कोर्टात रोज चालतं तेच होतं, फक्त कोर्टात लोक कपडे बरे घालून येतात.

ग्रहासाठी सरांना लोणारचं विवर हवं होतं. तिथे परवानगी मिळाली नाही, तेव्हा ते उजाड जागा हुडकत बोरटेकच्या माळावर आले आणि गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "वा! इथे तर जीवसृष्टी शक्यच नाही." हे ते पंजाबरावांच्या तोंडावर म्हणाले. पंजाबरावांचा आजा, पणजा त्याच माळाच्या कडेला जगून, भांडून, म्हातारे होऊन गेले होते. पण सरांनी लगेच विचारलं, "काका, ग्रहप्रमुखाचं काम कराल का?" आणि पंजाबरावांनी आजा-पणजाला तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं.

कामात एकच संवाद होता. पृथ्वीवरचे लोक यानातून उतरतात, ग्रहप्रमुख समोर येतो आणि त्यांना माघारी जायला सांगतो. पंजाबरावांनी तो रात्रभर घोटला. सकाळी अंगाला हिरवा रंग फासून, डोक्यावर दोन शिंगं बांधून त्यांनी छाती फुगवली आणि गणपतीच्या नाटकातला ठेवणीतला आवाज काढला, "हे परकीयांनो! या पुण्यभूमीवर पाऊल ठेवण्याचे धारिष्ट्य..."

"काका, थांबा, थांबा," सर म्हणाले. "हे नको. मघाशी तुम्ही त्या बकऱ्यावाल्यावर ओरडलात ना, तसं बोला."

"ते? ते तं आमचं घरचं बोलनं हाये."

"तेच हवंय! अहो, अगदी दुसऱ्या ग्रहावरचं वाटतं ऐकायला. खाली आपण शुद्ध मराठीत पट्टी देऊ, म्हणजे प्रेक्षकांना कळेल."

पंजाबरावांनी सरांकडे एकदा वरून खाली पाहिलं. मग शिंगं सारखी केली आणि घरचं बोलले. "काऊन आले बे अथी? तुमच्या येन्यानं आमच्या ग्रहाचं काहीच भलं होत नाई. आल्या वाटेनं वापस जा!" माळावरची बकरी खरोखर वळून चालायला लागली. सरांनी मिठी मारली. हिरवा रंग त्यांच्या पुणेरी कुडत्याला लागला, तो पंजाबरावांनी पुसू दिला नाही.

सिनेमा लागला तेव्हा गावातून दोन जीपा भरून लोक बुलढाण्याला गेले. चिखलीहून जानराव थेट टॉकीजवर आले. जानराव म्हणजे पंजाबरावांचे इवाई. पुण्याकडे व्याही म्हणतात तेच नातं, पण वऱ्हाडात ते जरा जास्त दुखतं. पंजाबरावांची रेणुका त्यांच्या घरात दिलेली. मुलीच्या बापाला अर्ध्या गोष्टी ऐकून घ्याव्या लागतात. पंजाबरावांना पूर्ण ऐकाव्या लागत, कारण जानरावांची चिखलीच्या धान्यबाजारात अडत होती आणि लिलावाचा आवाज ते घरीही काढून ठेवत नसत.

टॉकीजात पडद्यावर हिरवा माणूस आला की मागून कुणीतरी विचारायचं, "हे का पंजाबभाऊ?"

"नाई बे. हा हासून राह्यला."

दुसरा हिरवा यायचा. "मंग हे?"

"हे त्याईचं पोट नाई."

इंटरव्हल झालं. जानराव शेंगदाण्याची पुडी घेऊन आले, बसले, आणि पुढच्या चार रांगांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "काय हो इवाई, आपन शेंगदाने घ्याले गेलो तवा तं नाई येऊन गेले तुम्ही?"

सिनेमा संपला. नावांची पाटी वर सरकली, चहा देणाऱ्याचंसुद्धा नाव सरकलं. पंजाबराव आले नाहीत.

बोरटेकमध्ये आणखी एक पंजाबराव राहत, वेशीजवळचे, गरीब माणूस. दोघांत घोटाळा होऊ नये म्हणून लोकांना काहीतरी खूण हवीच होती. ती आता मिळाली. "कोनते पंजाबराव?" "गायब पंजाबराव." कुरियरवाला तसं विचारत आला, सोसायटीचा शिपाई तसं म्हणाला. रेणुका सणाला माहेरी आली तर तिच्या पोरीनं दारातूनच हाक मारली, "गायब आबा कुठी हाय?" हे तिला चिखलीत कुणी शिकवलं, ते विचारण्याची गरज नव्हती.

वर्ष असंच गेलं. सिनेमा टॉकीजातून आठवड्याभरात उतरला होता. मोबाईलवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांनी ऋत्विज सरांचे फोन उचलणं सोडलं होतं. तेव्हा सरांनी ठरवलं की सिनेमा आता लोकांच्या घरी न्यायचा, म्हणजे त्याची डिस्क काढायची. ज्या काळात कुणाकडेही डिस्क लावायचं यंत्र उरलेलं नाही त्या काळात डिस्क काढणं, याला सर 'संग्राहक आवृत्ती' म्हणत. गाव त्याला 'सीडी' म्हणे. पंजाबराव त्याला काहीच म्हणत नव्हते, ते थुंकत.

मग सरांचा फोन आला. "काका, आनंदाची बातमी. डिस्कमध्ये 'वगळलेली दृश्ये' असा वेगळा भाग आहे. त्यात तुमचा सीन आहे. पूर्ण."

पंजाबराव ओट्यावरून उठून उभे राहिले. "मंग तवा काऊन कापला होता?"

"तांत्रिक कारण होतं हो काका. प्रत्यक्षच बघा. प्रकाशन आपण तुमच्या गावातच करू."

तांत्रिक कारण म्हणजे काय, ते पंजाबरावांना ठाऊक होतं. हिरो त्यांच्यापुढे फिका पडत होता. दुसरं असणार काय? त्यांनी त्याच दिवशी चिखलीला फोन लावला. "इवाई, येजा बरं. समोरच्या खुर्चीवर बसवतो तुम्हाले." त्यांना आता एवढंच हवं होतं. जानरावांनी समोरच्या खुर्चीवर बसायचं, पडद्यावर ग्रहप्रमुख यायचा, अख्ख्या गावादेखत तो संवाद बोलायचा, आणि ते 'गायब' कायमचं पुसलं जायचं.

"येतो न," जानराव म्हणाले. "तुम्ही दिसान तं डोये भरून पाहू. नाई दिसले तं जेवून येऊ."

आता आपल्याकडे कुठलीही वस्तू अशीच उघडत नाहीत. पुस्तक असो, दिनदर्शिका असो, पाण्याची टाकी असो, तिचं विमोचन होतं. विमोचनाला देवानंदभाऊ येणार होते. भाऊ गेल्या कितीतरी निवडणुकांपासून 'भावी आमदार' होते आणि ते पद त्यांनी निष्ठेनं सांभाळलं होतं. शाळेच्या पटांगणावर बॅनर लागला. त्यात भाऊंचा चेहरा डोंगराएवढा, ऋत्विज सर टेकडीएवढे आणि सिनेमाचा हिरो भाऊंच्या खांद्यावर बसलेल्या माशीएवढा. पंजाबराव बॅनरवर कुठेच नव्हते. त्यांनी दोनदा शोधलं, चष्मा पुसून एकदा.

डिस्क लावायचं यंत्र गोविंदा मंडपवाल्याकडे निघालं. पूर्वी तो लग्नाच्या सीड्या काढून द्यायचा. ते यंत्र पंगतीच्या पातेल्यांखाली सापडलं. त्यानं ते फुंकून चालू केलं, भिंतीला पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टर मांडला. दिवेलागणीला सगळं तयार झालं. फक्त पूजा राहिली होती.

ट्रॅक्टर आला की पूजा, विहिरीवर मोटार बसली की पूजा, मग सिनेमा आला तर नको? मान कोकिळाबाईंचा होता, कारण ग्रहप्रमुखाची बायको म्हणजे त्या. पंजाबरावांच्या त्या धर्मपत्नी, आणि त्यांच्या तुच्छतेशी इतकी वर्षं संसार केल्यामुळे कशालाच न घाबरणाऱ्या. चार बायकांना घेऊन त्या ताट सजवून आल्या. ताटात मधोमध डिस्क. तिच्यावर सिनेमाच्या हिरोइनीचं चित्र होतं. अंतराळात हवा नसते, त्या हिशेबानं तिला कपडेही नव्हते म्हटलं तरी चालेल.

कोकिळाबाईंनी कुंकवाचं बोट उचललं आणि तसंच धरलं. "अवो बाप्पा, हिले लावू का मी हयदकुकू?"

"काकू, लावा न, मुहूर्त होऊन राह्यला," गोविंदा म्हणाला.

"तुह्या मायले लाव म्हन जाय. गावादेखत मी अशा बाईची ओटी भरू?" त्यांनी डिस्क सरळ पालथी केली. मागची बाजू आरशासारखी चकचकत होती, तिच्यात दिवे दिसत होते. "हे पाय, किती सोज्वय बाजू हाये. लक्ष्मी असल्यावानी."

मग त्यांनी त्या सोज्वळ बाजूवर हळद वाहिली, ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, पाचही जणींनी आपापली बोटं टेकवली, तांदूळ टाकले. नारळ ताटाजवळच फोडला. पाणी उडालं ते डिस्कवर. सगळ्यांना बरं वाटलं.

ऋत्विज सरांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते हसत होते. पुण्याची माणसं दुसऱ्याच्या गावात काहीही झालं तरी हसतात आणि त्याला 'किती अस्सल' म्हणतात. गोविंदानं डिस्क उचलून दुपट्ट्याला खसखस पुसली. "टेन्शन घेऊ नोका सर. लग्नाच्या सीडीवर म्या श्रीखंड पाह्यलं हाये."

विमोचन झालं. स्टेजवरच्या प्रत्येक मान्यवराला हातात उंच धरायला एकेक डबी हवी होती. सरांनी आणलेली डिस्क एकच, म्हणून बाकीच्या डब्या झेरॉक्सचं चित्र लावून रिकाम्याच वाटल्या होत्या. सगळ्यांनी रिकाम्या डब्या वर करून फोटो काढले. भाऊंनी भाषण केलं. "अंतराळ म्हणजे काय? तर अंतराळ म्हणजे विकास! मी लहानपणापासून आकाशाकडं पाहत आलो, आणि आकाशानं माझ्याकडं पाहिलं." इथे टाळ्या पडल्या. मग शाली झाल्या, नारळ झाले, ज्यांचं नाव राहिलं त्यांची माफी झाली, ज्यांची माफी राहिली त्यांचा वेगळा सत्कार झाला. पंजाबरावांना शाल मिळाली ती सगळ्यांच्या शेवटी, आणि सूत्रसंचालन करणारे मास्तर तेवढ्यात घाईनं म्हणाले, "आपल्या गावचे सर्वांना परिचित असे गायब... आपलं, पंजाबराव." पटांगण हसलं. समोरच्या खुर्चीवरचे जानराव हसले नाहीत. त्यांनी फक्त मिशीवरून हात फिरवला, आणि ते जास्त वाईट होतं.

सगळे खाली येऊन बसले. भाऊ आणि सर सोफ्यावर, बाकी गाव सतरंजीवर. पंजाबराव जानरावांच्या शेजारच्या खुर्चीवर ताठ बसले, राज्याभिषेकाला बसावं तसे. दिवे मालवले.

सिनेमा सुरू झाला आणि हिरोचा चेहरा लगेच चौकोनी तुकड्यांत फुटला. नाक एकीकडे, हनुवटी दुसरीकडे. यान उडालं ते अर्धंच उडालं. आवाज येई, मधेच गिळला जाई. सर कळवळून उठले. गाव मात्र शांतपणे पाहत होतं. सिनेमा असाच असेल असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर टॉकीजात पाहिला त्यापेक्षा तो काही फार वाईट दिसत नव्हता. भाऊ तर मान डोलावत मोबाईल पाहत होते.

"गोविंदा," पंजाबराव म्हणाले, "हे राहू दे. तो कापलेला भाग लाव."

गोविंदानं बटनं दाबली. यंत्र कण्हलं, डिस्क आत कुरकुरली. आणि चादरीवर बोरटेकचा माळ आला.

स्वच्छ. एक चौकोन नाही, एक तुकडा नाही. मधोमध ग्रहप्रमुख उभा होता. हिरवा, शिंगांचा, पोट पुढे, आणि चेहऱ्यावर ती जन्माची तुच्छता, जी कुठल्याही रंगाखाली लपणारी नव्हती.

"पंजाबभाऊ!" सतरंजीवरून आरोळी आली. "अरे हायेत बे! खरंच हायेत!" शिट्ट्या पडल्या. कुणीतरी रिकामी डबी हवेत उडवली. कोकिळाबाईंनी पदर तोंडाला लावला. पंजाबरावांनी हळूच, मान न वळवता, फक्त डोळे फिरवून जानरावांकडे पाहिलं. जानराव पुढे वाकून, तोंड किंचित उघडं ठेवून पडद्याकडे पाहत होते.

आयुष्यात एवढं सुख पंजाबरावांना दोनदाच झालं असेल, आणि पहिल्यांदा कधी झालं ते त्यांना आठवत नव्हतं.

"पन मागं ते कोन हाये?" गोविंदानं विचारलं.

ग्रहप्रमुखाच्या मागे टेकाड होतं. टेकाडावर, उजाड ग्रहाच्या रिकाम्या आभाळाखाली, एक माणूस उभा होता. पांढरं धोतर, पांढरी टोपी, काखेत थैली, डोक्यावर उघडलेली काळी छत्री. तो एका हातानं शेंगदाणे तोंडात टाकत होता. टाकता टाकता त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. त्यानं छत्री वर केली आणि हलवली, जसं एसटीतल्या ओळखीच्या माणसाला हात करावा.

पटांगण एकदम फुटलं.

"जानरावमामा! ओ, हे तं चिखलीचे जानरावमामा!"

"मामा अंतराळात गेले बे!"

"शेंगदाने घेऊन गेले!"

ऋत्विज सर सोफ्यावरून वळून म्हणाले, "हेच ते तांत्रिक कारण, काका. किती प्रयत्न केला, पण ते आजोबा काही पुसले जाईनात. छत्री सारखी हलत होती."

पंजाबरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे हिरो नव्हे. म्हणजे वर्षभर ज्यानं हसं केलं, नातीला शिकवलं, मिशीवरून हात फिरवला, त्याच माणसानं त्यांना गायब केलं होतं. मुलीचा बाप वगैरे सगळं विसरून ते खुर्चीतून अर्धे उठले.

जानराव मात्र अजून पडद्याकडेच पाहत होते, आणि भाबडेपणानं, पण लिलावाच्या आवाजात म्हणाले, "तुम्हीच तं सांगतलं होतं ना इवाई. 'तथी टेकडावर उभे राहा, तथून मी बराबर दिसीन.' छत्री बी तुमचीच होती, इनबाईनं देली होती. उन्हात पाय भाजले माहे, पन हाललो नाई मी. म्हनलं इवायाचं काम हाये, सोडून कसं जावं?"

सगळं गाव पंजाबरावांकडे वळलं. कोकिळाबाई म्हणाल्या, "हाव, छत्री म्याच देली होती. शेंगदाने बी घरचेच हायेत ते." त्यांना वाटलं, त्या मदत करताहेत.

पंजाबराव अर्धे उठलेले, तसेच अर्धे बसले. एवढ्यात पडद्यावरच्या ग्रहप्रमुखानं छाती फुगवली. संवाद आला. निदान संवाद तरी त्यांचा होता, त्यात मागे कुणी शेंगदाणे खात नव्हतं. ग्रहप्रमुखानं तोंड उघडलं, आणि डिस्क अडकली.

स्वस्तिकाचा ओला भाग बहुधा तिथे होता. ग्रहप्रमुख उघड्या तोंडानं थिजला, मागे जानराव उंच छत्रीनं थिजले. आवाज गेला. पण खालची पट्टी आधीच उमटली होती आणि ती राहिली. शुद्ध मराठीत, ठळक अक्षरांत. सतरंजीवरच्यांनी ती शाळेत वाचतात तशी एका सुरात वाचली, "'आपण येथे कशासाठी आलात? कृपया आल्या मार्गाने परत जावे.'"

"'कृपया'!" कुणीतरी किंचाळलं. "पंजाबभाऊ 'कृपया' म्हनले बे!"

यावर जे हसू फुटलं त्याला खरोखरच अंत नव्हता. वेशीजवळचे गरीब पंजाबराव, जे कधी कुणाला हसत नसत, तेही डोळे पुसत होते. पंजाबराव जन्मात कुणाला 'कृपया' म्हणाले नव्हते, बायकोला नाही, बँकेच्या मॅनेजरला नाही, देवाला तर नाहीच. आणि आता तोंड वासून ते सगळ्या गावासमोर 'कृपया' म्हणत उभे होते. गोविंदानं यंत्राला थापट्या मारल्या. ग्रहप्रमुख हलला नाही.

पंजाबराव उठले. सगळे उठले असं वाटावं, असे उठले. चालत चादरीपाशी गेले. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्यावर पडला, स्वतःच्याच शिंगांची जोडी त्यांच्या छातीवर आली आणि जानरावांची छत्री कानावर. त्यांनी घसा खाकरला. तीस गणपतींतले सगळे राजे आत कुठेतरी ताठ उभे राहिले, पण बोलायला लागला तो घरचा माणूस.

"काऊन आले बे अथी?"

पहिलं वाक्य पडद्याला उद्देशून निघालं. पण पडद्यावर पृथ्वीवरचे कुणी नव्हते. ते सोफ्यावर होते. पंजाबराव वळले. त्यांनी भावी आमदारांकडे पाहिलं, पुण्याच्या सरांकडे पाहिलं, स्टेजवरच्या नारळांच्या ढिगाकडे, बॅनरवरच्या डोंगराकडे पाहिलं, आणि एकेक शब्द जपून, दगड मांडल्यासारखा मांडला. "तुमच्या येन्यानं... आमच्या ग्रहाचं... काहीच भलं होत नाई. आल्या वाटेनं... वापस जा!"

शाळेच्या भिंतीवरून आवाज परत आला. हसू थांबलं. बोरटेकमध्ये इतकी शांतता मतमोजणीच्या दिवशीही कधी पडली नव्हती.

मग टाळ्या वाजल्या. एकट्या माणसाच्या. देवानंदभाऊ वाजवत होते.

"वा! वा! फारच सुंदर," भाऊ मोबाईल खिशात घालत म्हणाले. "ग्रामीण भागात किती गुण आहेत पाहा. पुढच्या वेळी माझ्या सभेआधी यांचाच कार्यक्रम ठेवू." आणि ते सोफ्यात आणखी खोल बसले. सर म्हणाले, "काका, हाच! हाच आवाज मला हवा होता," आणि चहा कुठे मिळेल ते विचारू लागले. वापस कुणीही गेलं नाही. तुच्छता ही समोरच्याला लागावी लागते. ज्याच्या अंगावरून ती पाण्यासारखी ओघळते त्याच्यापुढे राजासुद्धा काय करणार?

पण सतरंजीवर आता खऱ्या टाळ्या सुरू झाल्या होत्या. लोक उठून उभे राहिले होते. गोविंदानं तर यंत्र सोडून शिट्टी मारली.

जानराव गर्दीतून वाट काढत चादरीपाशी आले, पडद्यावरच्या छत्रीच्या सावलीत उभे राहिले. पंजाबराव वाट पाहत राहिले. काय यायचं ते एकदा येऊ दे.

"आवाज आला, इवाई," जानराव म्हणाले. पहिल्यांदाच ते हळू बोलले. "पार मांगपरेंत आला."

पंजाबरावांनी मान किंचित हलवली, राजे हलवतात तेवढी.

"त्या दिवशी टेकडावर तं काही ऐकूच नव्हतं आलं," जानराव पुढे म्हणाले. "मले वाटलं, तुम्ही मले जेवाले बलावून राह्यले. म्हनून तं छत्री हालवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी मोबाईलवर काढलेला थिजल्या चादरीचा फोटो मेहकरपासून चिखलीपर्यंत पोचला होता. चिखलीच्या बाजारात जानरावांना चहाचे पैसे कुणी देऊ दिले नाहीत. अडत्ये मुद्दाम दुकानातून उठून, अंतराळवीर कसा दिसतो ते पाहायला येत होते.

इकडे बोरटेकला कुरियरवाला आला. हातात पाकीट, पुण्याहून आलेलं. त्यानं पारावर विचारलं, "पंजाबराव कुठी राह्यतात?"

"कोनते पंजाबराव?"

"गायब पंजाबराव."

"गायब कोन म्हनते त्याईले आता?" पारावरचा माणूस रागावला. "पाह्यलं न साऱ्या गावानं. पडद्यावर होते न ते, चांगले खनखनीत." मग त्यानं रस्ता दाखवला आणि घोटाळा होऊ नये म्हणून समोरच्या ओट्याकडे हात करून सांगितलं, "ते पाय, तथी बसले हायेत. जानरावमामाच्या पुढचे पंजाबराव."

ओट्यावर पंजाबरावांना ते स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी पाकीट घेतलं, न फोडता बाजूला ठेवलं, आणि माळाकडे, टेकाडाकडे, कुरियरवाल्याच्या मोटारसायकलीकडे आणि एकूणच या ग्रहाकडे त्यांनी एकदा पूर्वीसारखंच पाहिलं.